रणझुंजार काय खाते?

या रे, या. रेवा, पाय आत घे, डास चावतील. अनय, तू इकडे माझ्या कुशीला ये. नसेल यायचं तर तिथेच बस, पण पांघरूण घे. आजही ताटावरून तसाच उठलास, त्याबद्दल मी एक अक्षर बोलणार नाही. मामी बोलून झाली, आजोबा बोलून झाले. आई दवाखान्यात नव्या बाळापाशी आणि तू इथे उपाशी, म्हणून सगळ्यांचा जीव वरखाली होतोय. पण ते राहू दे. गोष्ट ऐकायला भरलेलं पोट लागत नाही, कान लागतात. ते आहेत ना दोन्ही? मग झालं तर.

एक होता राजा. तसा वाईट नव्हता, पण त्याला एक वेड होतं. कुणाला घोड्यांचं असतं, कुणाला दागिन्यांचं असतं, या राजाला शिकारी पाखरांचं होतं. राजवाड्यामागे त्यानं एक लांबलचक पाखरशाळा बांधली होती. त्यात तीन नामांकित पाखरं होती. एक बहिरी ससाणा. तो आभाळातून दगडासारखा खाली यायचा आणि उडतं बदक उचलायचा. दुसरा शिक्रा. दिसायला पारव्याएवढा, पण झुडपांमधून असा घुसायचा की लाव्याला पळायला वाटच उरायची नाही. आणि तिसरा सापमार गरुड. तो काय मारायचा ते मी सांगायला नको.

या पाखरांना सांभाळायला होता धारोजी बाजदार. बाजदार म्हणजे शिकारी पाखरं शिकवणारा माणूस. हातात जाड कातडी मोजा घालून तो पाखराला मनगटावर बसवायचा. त्याच्या घरात बापजाद्यांपासून एक नियम चालत आलेला. आधी भूक, मग शिकार, मग घास. म्हणजे पाखराचं पोट रिकामं ठेवायचं. भूक लागली की ते शिकार करतं, आणि शिकार केली की त्याला घास द्यायचा. ससाण्याला हे चालायचं, शिक्र्याला चालायचं, गरुडाचीही तक्रार नव्हती. मग धारोजी म्हणायचा, सगळ्या पाखरांचं असंच असतं.

धारोजीला एक मुलगी होती. ती सारखी बापाभोवती गरगर फिरायची आणि प्रश्न विचारायची. गरुडाला साप चावत नाही का? शिक्रा पाणी कधी पितो? पाखरांना स्वप्नं पडतात का? म्हणून तिचं नावच पडलं भिंगरी. धारोजी निम्म्या प्रश्नांना उत्तरं द्यायचा आणि निम्म्यांना म्हणायचा, गप बस.

आणि त्या राज्यात एक गंमत होती बरं का. तिथली पाखरं बोलायची. पण विचारलं तरच. आपणहून चकार शब्द नाही. आणि त्यांना विचारणार कोण? राजा हुकूम सोडायचा. धारोजी शीळ घालायचा. भिंगरीसुद्धा सगळे प्रश्न बापालाच विचारायची. त्यामुळे पाखरं बोलतात हे कुणाला माहीतच नव्हतं.

मग एके दिवशी रानातून एक फासेवाला आला. त्याच्या टोपलीत एक मोठं पाखरू होतं. अंगावर पट्टे, डोक्यावर छोटासा तुरा, पंख हे एवढे. फासेवाला म्हणाला, ही मोरघार आहे, झडप घालून ससा उचलते. धारोजीनं तुरा बघितला, पट्टे बघितले, पंख पसरून बघितले. म्हणाला, मोरघारच. राजा तर आनंदानं टाळ्या पिटायला लागला. त्यानं तिचं नाव ठेवलं रणझुंजार. बाईमाणसाचं नाव रणझुंजार, पण राजापुढे बोलतो कोण? राजा बोले, दळ हाले.

आणि राजानं तिथल्या तिथे शेजारच्या राजाला निरोप धाडला. दसऱ्याला या, म्हणावं. तुम्ही जन्मात पाहिली नसेल अशी शिकार दाखवतो. मग धारोजीकडे वळून म्हणाला, "रणझुंजारनं दसऱ्याला शिकार केली तर तुला सोन्याचं कडं. नाही केली तर तिचे पंख छाटून तिला कोंबड्यांत सोडायचं, आणि तू दुसरं राज्य बघायचंस."

झालं. धारोजी कामाला लागला. पहिल्या दिवशी त्यानं तिच्यापुढे लाव्याचं मांस ठेवलं. तिनं मान फिरवली. मग मासा ठेवला. तिनं डोळे मिटले. मग तिच्या पायाला लांब दोरी बांधून त्यानं मोकळ्या आवारात ससा सोडला. ससा भीतीनं जागच्या जागी थिजला. आणि रणझुंजारनं काय केलं असेल? ती मनगटावरून खाली उतरली आणि चालायला लागली. हो, चालायला. सशाच्या शेजारून गेली, त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, आणि कुंपणाशी जाऊन पायानं माती उकरायला लागली. पहारेकरी पोट धरून हसले. म्हणाले, मोरघार कुठली, ही तर कोंबडी.

धारोजीला फार वाईट वाटलं. मग त्यानं नियम लावला. आधी भूक. त्यानं तिला उपाशी ठेवलं. रोज सकाळी तो तिच्यापुढे मांस धरायचा आणि म्हणायचा, "का खात नाहीस?" ती गप्प. संध्याकाळी पुन्हा, "का गं खात नाहीस?" ती गप्पच. धारोजी म्हणाला, हट्टी आहे, आणखी भूक लागली की वळणावर येईल. तो दुष्ट नव्हता रे. पाखरू वाळत चाललं तसा त्याचाही घास घशाखाली उतरेना. पण त्याला जे माहीत होतं तेच तो करत होता.

पाखराची छाती आत गेली. पिसं विसकटली. दांडीवर बसवलं की तोल जायचा. दसरा जवळ येत चालला होता आणि दसऱ्यापर्यंत ती जगते की नाही हीच पंचाईत झाली.

भिंगरी बघत होती. ती रोज तिच्यापुढे मांडी घालून बसायची आणि नुसती बघायची. आणि बघता बघता तिला तीन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे हिचं डोकं. ससाण्याचं डोकं कसं दांडगं असतं, भुवया रागावलेल्या असतात. हिचं डोकं लहानसं, कबुतरासारखं, आणि मान लांब. दुसरी म्हणजे हिची नखं. गरुडाची नखं गळासारखी वाकडी असतात. हिची बरीचशी सरळ, आणि त्यांच्या खाली रानातली वाळलेली माती. आणि तिसरी गंमत म्हणजे हिचं तोंड. भिंगरीनं हळूच बोट लावून बघितलं. चोचीपासून डोळ्यांपर्यंत बारीक बारीक, कडक पिसं एकावर एक बसवलेली. माशाचे खवले असतात ना, तशी.

ती बापाला म्हणाली, बाबा, ही मोरघारीसारखी दिसते, पण ही मोरघार नाही. ही काय खाते?

धारोजी म्हणाला, शिकारी पाखरू मांस खातं.

पण ही खात नाही.

म्हणून तर म्हणतो, हट्टी आहे. आणि आता गप बस.

मग भिंगरी गप बसली. पण पोटातला प्रश्न काही गप बसेना. बापाला विचारून झालं. पहारेकऱ्यांना विचारून झालं, ते नुसते हसले. मग विचारायला उरलं कोण? ती पाखरशाळेत गेली, पाखरासमोर बसली आणि म्हणाली, "तू काय खातेस?"

आणि पाखरू बोललं.

म्हणालं, "बरं झालं बाई, विचारलंस. मला खाली उतरव आणि माझ्यामागे ये."

रेवा, मधे बोलू नकोस. काय म्हणतेस? धारोजी तर रोज विचारत होता? नाही गं. 'का खात नाहीस' हा काय प्रश्न झाला? ते रागावणं झालं. शेवटी नुसतं प्रश्नासारखं वाटतं इतकंच. ऐक पुढे.

भिंगरीनं तिला खाली उतरवलं. ती आपली टुकूटुकू चालत निघाली, कोंबडीसारखी. मागच्या पडीक बागेत गेली आणि एका दगडावर बसून राहिली. बराच वेळ काही नाही. भिंगरीला वाटलं, झोपली की काय. मग एक गांधीलमाशी आली. पाखराची मान तिच्याबरोबर वळली. माशी गेली. दुसरी आली, पुन्हा मान वळली. मग पाखरू म्हणालं, ससाणा भक्ष्याच्या मागे धावतो. आम्ही धावत नाही. आम्ही बघत बसतो आणि त्याचं घर कुठंय ते शोधतो. घर कळलं की झालं.

आणि ती उठून सरळ एका बांधाशी गेली आणि दोन्ही पायांनी माती उकरायला लागली. आतून गांधीलमाश्यांचा लोंढा बाहेर आला. भिंगरी पळत जाऊन झाडामागे लपली. माश्या पाखराच्या तोंडावर बसल्या, डोळ्यांपाशी बसल्या, पण त्या खवल्यांतून नांगी आत शिरेना. पाखरानं नुसते डोळे बारीक केले. मग जमिनीतून कागदासारखं पोळं बाहेर ओढलं आणि त्यातल्या पांढऱ्या, मऊ अळ्या एकेक करून खाल्ल्या.

शी म्हणू नकोस रेवा. तू कोळंबी खातेस तेव्हा त्या कोळंबीची आईही शीच म्हणत असेल.

पोटात थोडं पडल्यावर पाखरानं सगळं सांगितलं. मी मोहोळघार. मधमाश्यांची पोळी, गांधीलमाश्यांची पोळी, त्यातल्या अळ्या हेच माझं जेवण. मेणसुद्धा खाते. मध लागला चोचीला तर नको म्हणत नाही. आमच्यात कुणी काळी असते, कुणी पांढुरकी, कुणी पट्ट्यापट्ट्यांची. लांबून कुणाला मोरघार वाटते, कुणाला गरुड वाटतो. मोठी पाखरं मला घाबरून असतात, तेही बरंच. मी काही सोंग घेतलेलं नाही, अंगावरचे कपडेच तसे मिळालेत.

भिंगरी धावत जाऊन बापाला घेऊन आली. धारोजीनं उकरलेली माती बघितली, रिकामं पोळं बघितलं, पाखराची चोच बघितली. त्याला रडू आलं. म्हणाला, पोर विचारत होती आणि मी गप बस म्हणत होतो. आता ही मेली असती म्हणजे?

मग बापलेक रोज गांधीलमाश्यांची पोळी शोधायला लागले. धारोजीचा एक डोळा कायम सुजलेला असायचा. पण पाखरू सुधारलं. पिसं चमकायला लागली.

पण दसऱ्याचं काय? धारोजी राजाकडे गेला. म्हणाला, महाराज, ही ससा मारणारी नाही, ही अळ्या खाणारी आहे. पण राजा ऐकतोय कुठे? पालथ्या घड्यावर पाणी. तो म्हणाला, मी शब्द दिलाय, रणझुंजार शिकार करणार.

मग दसरा उजाडला. सीमेवरच्या माळावर सगळं गाव लोटलं. हत्तीवर अंबारी, अंबारीत आपला राजा, शेजारी पाहुणा राजा. ससाणा सोडला, त्यानं बदक आणलं. शिक्रा सोडला, त्यानं लावा आणला. गरुडानं साप आणला. लोकांनी वाहवा केली. मग राजा उठून उभा राहिला आणि म्हणाला, रणझुंजार.

धारोजीनं दोरी सोडली. समोर ससा सोडला. मोहोळघार उडाली, सशाच्या डोक्यावरून गेली, वर वर गेली आणि गोल फिरायला लागली. लोक कुजबुजायला लागले. राजाचे कान लाल झाले.

माळाच्या कडेला एक जुनी सावर होती. उंच. तिच्या फांद्यांना खाली परातीएवढी काळी पोळी लोंबत होती. आग्या मोहोळ. त्याचं नाव काढलं तरी जाणती माणसं वाट बदलतात. मोहोळघार तिथे गेली. तिनं पंख मिटले, सूर मारला आणि पायांनी पोळ्याचा लचका तोडला.

मग काय झालं म्हणता! सगळा माळ घोंघावायला लागला. घोडे पळाले, सरदार पळाले, ताशेवाले ताशे टाकून पळाले. पाहुणा राजा धोतर सावरत नदीत गेला आणि नाकापर्यंत बुडून बसला. आपला राजा हत्तीवरून उतरला आणि हत्तीच्याच पोटाखाली शिरला. पण माश्यांना काय, हत्तीचं पोट आणि राजाचा ओठ सारखेच. आणि वर सावरीच्या फांदीवर मोहोळघार त्या गर्दीत निवांत बसून जेवत होती.

हळूहळू माश्या निवल्या. पाखरू तिथेच होतं. पायात दोरी नव्हती, समोर रान होतं. आता ती गेली असती तर कुणी धरली नसती. पण ती गेली की बापाला राज्य सोडावं लागणार, हे भिंगरीला कळत होतं. परत आली तर पाखराचे पंख जातील हेही कळत होतं. तिनं हाक मारली नाही. झाडाखाली उभं राहून नुसतं विचारलं, "येतेस का?"

पाखरानं रानाकडे बघितलं, भिंगरीकडे बघितलं, आणि येऊन धारोजीच्या मनगटावर बसलं.

आता राजा काय ते सांगणार. पण सांगतो कसा? ओठ सुजून पुरीसारखे टम्म झाले होते, गाल वर आले होते, डोळे आत गेले होते. त्याला पालखीत घालून घरी नेलं. आणि तोंडातून शब्द निघत नाही तोवर ना कडं, ना शिक्षा. धारोजीनं घरी जाऊन गाठोडं बांधून ठेवलं.

तिकडे राजा जेवेना. राणी घाबरली. राजाचा मुदपाकी आला, पंचपक्वान्नांचं ताट घेऊन. म्हणाला, महाराज, खा. राजानं मान फिरवली. वैद्य आला काढा घेऊन. महाराज, घ्या. राजानं डोळे मिटले. पाहुणा राजा आला, डोकं अजून ओलं, हातात बुंदीचे लाडू. अहो, खात का नाही? राजा भिंतीकडे तोंड करून झोपला. मग राणीनं दवंडी पिटवली, महाराजांना जो कुणी जेवायला घालील त्यानं पुढे यावं.

भिंगरी गेली. तिच्या हातात काहीच नव्हतं. ती राजाच्या पलंगाशी मांडी घालून बसली, पाखरासमोर बसायची तशी, आणि थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "महाराज, तुम्हाला काय हवंय?"

आणि राजानं तोंड न वळवता, अगदी बारीक आवाजात सांगितलं, "मऊ भात. आणि गार ताक. फोडणी नको."

इतका मोठा राजा. पण हत्तीखाली लपलेल्या राजानं ताकभात मागायचा कसा, म्हणून लाजून उपाशी पडला होता. भात आला, ताक आलं. राणीनं चमच्यानं भरवलं. पहिला घास गेला, दुसरा गेला, आणि राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो म्हणाला, भूक लागलेली असते आणि समोर भलतंच ठेवतात, वर म्हणतात, खा. काय होतं ते मला आज कळलं. मग त्यानं विचारलं, "आम्ही त्या पाखराला असंच केलं का?"

भिंगरी म्हणाली, हो.

मग राजानं पाखरू आणवलं. हुकूम नाही, शीळ नाही. राजा पलंगावर उठून बसला आणि त्यानं आयुष्यात पहिल्यांदा एका पाखराला विचारलं, "तुला काय हवंय?"

पाखरू म्हणालं, "रान."

राजाला वाईट वाटलं बरं का. इतकं देखणं पाखरू. पण विचारलं की मग ऐकावं लागतं. त्यानं स्वतः उठून खिडकी उघडली. मोहोळघार चौकटीवर बसली, भिंगरीकडे एकदा मान वाकडी करून बघितलं, आणि गेली.

पंख छाटले नाहीत, धारोजीनं गाठोडं सोडलं, आणि राजानं त्याला कडंही दिलं. म्हणाला, शिकार झाली की, माझीच झाली. तेव्हापासून पाखरशाळेत नवं पाखरू आलं की आधी भिंगरीनं त्याच्यापुढे बसायचं आणि विचारायचं, असा नियम झाला. जुना नियम धारोजीनं आपणहून मोडला. आणि मोहोळघार दर वर्षी सावरीवर पोळी लागली की यायची, भिंगरीशी चार गोष्टी बोलायची आणि जायची. तेवढ्या दिवसांत राजा मात्र माळावर फिरकायचा नाही.

तर राजा ताकभात खाऊन झोपला, धारोजी झोपला, भिंगरी प्रश्न विचारता विचारता झोपली. मोहोळघार पानांत मान खुपसून झोपली. आता जागे कोण, तर तुम्ही. रेवा तर पेंगायलाच लागली. घे गं, उशी घे.

अनय. इकडे बघ राजा. तू आल्यापासून आम्ही सगळे आपले तेच, का खात नाहीस, का खात नाहीस. मी रागावत नाही. मला खरंच सांग, तुला काय हवंय?

काय? मोठ्यानं नको, कानात सांग.

दूधपोळी? अरे, दूधपोळी तर मी रोज करते. ... हां. हां. आई कुस्करत नाही. आई तुकडे करते, आणि दूध वरून गरम घालते, म्हणजे पोळी गिळगिळीत होत नाही. आणि वाटी आईच्या मांडीवर असते.

एवढंच होय रे बाळा. मांडी आईची नाही, पण माझीच लेक ती, तिला बसवलेली मांडी अजून शाबूत आहे. ऊठ, चल स्वयंपाकघरात. पोळ्या डब्यात आहेत. तुकडे केवढे करायचे ते तू मला दाखव, मग खाऊन झालं की दोघं झोपू.